घरातली औषधं तुम्ही नेमकी कुठं ठेवता? (मे महिना, गेलेली लाईट आणि घरात हिंडतं लेकरू)

दुधना
नमस्कार सगळ्यांना. मी सेलूकडची, खेड्यात राहते. हे बरेच दिवस लिहायचं होतं, आज लाईट आहे आणि लेकरं झोपलीत तर लिहूनच टाकते.

गेल्या मे महिन्यात आमच्या आळीची डीपी, म्हणजे लाईटचा ट्रान्सफॉर्मर, जळाली आणि तीन दिवस लाईट नव्हती. मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, शुगर आहे, पंधरा वर्षं झाली, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन चालू, बाटलीतलं ३०/७०, सिरिंजनं मीच देते. बाटल्या फ्रीजमधे असतात. पहिल्या दिवशी फ्रीज जरा गार होता, दुसऱ्या दिवशी आतलं दूध नासलं तेव्हा आत्याबाई, म्हणजे सासूबाई, घाबरल्या की आता औषध पण जाईल, म्हणून आम्ही दोन्ही बाटल्या गावाच्या दुसऱ्या टोकाला चुलत जावेकडं पाठवल्या, तिकडची डीपी चांगली होती. तिनं चांगल्या मनानं त्या बर्फाच्या खान्यात ठेवल्या. जितकं गार तितकं चांगलं असंच वाटतं ना आपल्याला, मला पण तसंच वाटलं असतं. चौथ्या दिवशी लाईट आली, बाटल्या परत आल्या तर आत पक्का बर्फ, आम्ही ओट्यावर ठेवून पातळ होऊ दिल्या आणि परत फ्रीजमधे लावल्या.

त्यानंतर आठ दिवस मामांची शुगर खाली यायलाच तयार नाही. उपाशीपोटी ३१०, मग ३४०. रात्रीतून पाच-सहा वेळा उठायचे, तोंडाला कोरड, चार पावलं चाललं की बसायचे. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांनाच बोललो. आंबे निघाले होते ना, घरात आढी घातलेली, तर आम्हाला वाटलं चोरून खातात. त्या माणसानं आठ दिवस आंब्याला हात लावला नव्हता आणि गप्प बसून आमचं ऐकत होता. हे आठवलं की अजून पोटात तुटतं.

शेवटी उपकेंद्रातल्या सिस्टरनी बाटली बघायला मागितली. दोन्ही तळहातांत धरून हळूहळू फिरवली आणि खिडकीच्या उजेडात धरली. एरवी ती बाटली फिरवली की सगळीकडून सारखी दुधासारखी होते. ही झालीच नाही. पाणी वेगळं, आणि काचेला आतून पिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे कण, बाटली उलटी केली तरी ते जागचे हलेनात. सिस्टर म्हणाल्या ही गोठलेली आहे, फेकून द्या, यात आता जोर नाही. नवीन बाटली आणली, चार दिवसांत शुगर १६० च्या आसपास आली.

तेव्हापासून मला एकच लागून राहिलंय. डॉक्टर कधी घ्यायचं ते सांगतात, किती घ्यायचं ते सांगतात, पण कुठं ठेवायचं हे घरात कुणी ठरवतच नाही. ज्याला जिथं जागा दिसली तिथं तो ठेवतो. तुमच्याकडं औषधाची जागा कुठं आहे, कुणी ठरवली, उन्हाळ्यात काय करता, लेकरं असतील तर काय करता, सगळं लिहा. मला आमच्या घरासाठी पाहिजे आहे.

मेडिकलवाला_लातूर
ताई फार बरं केलं लिहिलं. माझं मेडिकल आहे, वीस वर्षं काउंटरवर बसतोय, गोठलेलं इन्सुलिन परत घेऊन येणारी माणसं दर उन्हाळ्यात भेटतात.

न उघडलेली बाटली किंवा इन्सुलिनचं पेन २ ते ८ अंशात, म्हणजे फ्रीजच्या मधल्या खान्यात. दारात नको, दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं. बर्फाच्या खान्याला चिकटून पण नको, आणि मागच्या भिंतीला टेकवून तर नकोच, जुन्या फ्रीजमधे तिथं बर्फ धरतो. एकदा गोठलं की ते इन्सुलिन मेलं, वितळलं म्हणजे परत जिवंत होत नाही. चालू केलेली बाटली मात्र बाहेर चालते, घर ३० अंशाच्या खाली असेल तर साधारण चार आठवडे, त्यासाठी बाटलीवर उघडल्याची तारीख पेनानं लिहा. कंपनीप्रमाणं दिवस थोडे इकडं-तिकडं होतात, आतला कागद बघा. ज्याचं इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ असतं ते गढूळ झालं, किंवा दुधासारखं असतं त्यात गाठी-कण दिसले, तर शंका न काढता टाकून द्या.

दुकानातून घरी नेताना पण होतं हे. माणूस दुपारी दोनला इन्सुलिन घेतो, मोटारसायकलच्या डिकीत टाकतो, मधे बियाण्याच्या दुकानात तास घालवतो आणि मग गावी जातो. डिकी तापून तवा झालेली असते. किंवा उलटं, बर्फाच्या खड्यातच बाटली खुपसून नेतात. दोन्ही चूक. रुंद तोंडाचा थर्मास आणा, बर्फ वेगळ्या पिशवीत, मधे रुमालाची घडी, बाटलीला बर्फ लागू द्यायचा नाही.

हिंगोलीकर
मेडिकलवाले दादा, मग गोळ्यांचं काय? आमचं पत्र्याचं घर आहे, मे महिन्यात दुपारी आत उभं राहवत नाही. पाकिटावर लिहिलेलं असतं २५ अंशाखाली ठेवा. आमच्याकडं २५ अंश म्हणजे पार दिवाळीनंतरच. म्हणून आम्ही सगळ्याच गोळ्या फ्रीजमधे ठेवतो, बरोबर आहे का?

मेडिकलवाला_लातूर
नको भाऊ. साध्या गोळ्यांना फ्रीज नको, आत ओल असते, पाकीट आत-बाहेर करताना पाणी सुटतं. ज्यावर फ्रीजमधे ठेवा असं लिहिलंय तेवढंच फ्रीजमधे.

घाबरू पण नका, चार दुपारी ४० अंशात राहिल्या म्हणून गोळीचं विष होत नाही, आणि यामुळं कुणी गोळी घ्यायची बंद करू नका. पण महिनोन्महिने तापत राहिल्या तर जोर कमी होतो, विशेषतः थायरॉईडच्या गोळ्यांचा. त्या ऊन, उजेड, ओल काहीच सहन करत नाहीत. ती बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत दिसली की मी गिऱ्हाइकाला रागावतोच. झाकण घट्ट, आतली ती ओल शोषणारी छोटी पुडी काढायची नाही. तुमच्या घरात दुपारी दोन वाजता हात लावून बघा, कुठली भिंत सगळ्यात गार लागते. बहुतेक उत्तरेकडची किंवा आतल्या खोलीतली खालची बाजू असते, पत्र्याच्या जवळ वर कधीच नाही. ती जागा. आणि एका वेळी एकाच महिन्याच्या गोळ्या आणा उन्हाळ्यात, तीन महिन्यांच्या नको.

तेरणा
आमचं जुनं माळवदाचं घर आहे, धाराशिवकडं. आत उन्हाळ्यात पण गार असतं. देवळीत ठेवतो सगळं. अजून तरी काही झालं नाही.

मांजराकाठ
तेरणा काका, देवळीत दिवा पण लावता का? असेल तर तिथली हवा गरम असते, जरा बघा.

आता माझं सांगते, सांगायला धीर गोळा करावा लागला. आमची मोठी माय, म्हणजे माझ्या आईची आई, पंच्याहत्तरीची. कमरेला चंची. त्यात सुपारी, लवंग, चुन्याची डबी, बडीशेप, आणि शुगरच्या गोळ्या. पाकिटातून काढून सुट्ट्या, कारण तिच्या बोटांना पाकीट फोडायला जमत नाही, संधिवात आहे. माझा मुलगा तेव्हा अडीच वर्षांचा. त्याला माहिती की चंचीतून बडीशेप मिळते. ती दुपारची झोपली, यानं चंची सोडली.

आम्हाला कळलंच नाही. संध्याकाळी तो सुस्त, घामानं चिंब, अंग गार, हाक मारली तर डोळे फिरवायला लागला. आम्हाला वाटलं ऊन लागलं. कांदा लावला कपाळाला. माझा भाऊ तेवढ्यात शेतातून आला आणि त्याला चंची उघडी दिसली. गाडीत घालून नेलं. दवाखान्यात बोट टोचलं तर शुगर ३८. सलाइनमधून साखर दिली, तासाभरात डोळे उघडले, पण डॉक्टर म्हणाले ही गोळी परत परत शुगर पाडते, आज सोडणार नाही, आणि रात्रीतून खरंच दोनदा परत खाली गेली. पूर्ण दीड दिवस ठेवलं.

आज तो पहिलीला आहे, छान आहे. मोठी मायनं त्या दिवसापासून चंची बांधली नाही. तिला कुणी काही बोललं नाही, तरी.

दुधना
मांजराकाठ ताई, वाचताना हात थरथरले. लेकरू सुखरूप आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. आणि मोठी मायला माझा नमस्कार सांगा, यात तिची चूक काय, बोटं चालत नाहीत तर ती काय करणार.

सिस्टर_नांदेड
मी बालरोग वॉर्डात काम केलंय बरीच वर्षं. मांजराकाठ ताईंनी लिहिलंय ते अगदी तसंच होतं. ग्लिमेपिराईड किंवा ग्लिबेनक्लामाईड, या जातीची शुगरची एक गोळी सुद्धा लहान लेकराला पुरते. आणि लगेच काही दिसत नाही, तासन्‌तास लेकरू खेळत असतं, म्हणून घरी थांबून वाट बघायची नाही. बीपीच्या काही गोळ्यांचं पण असंच.

लेकरानं काही गिळलं असं नुसतं वाटलं तरी: मीठ-पाणी पाजून, घशात बोटं घालून उलटी काढायची नाही. पाकीट, बाटली, जे सापडेल ते सोबत घ्या, उरलेल्या गोळ्या मोजा, किती वाजता झालं ते लक्षात ठेवा. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं निघा. शुगरची गोळी असेल आणि लेकरू पूर्ण शुद्धीत असेल तर साखरपाणी पाजत या, ग्लानीत असेल तर तोंडात थेंब पण घालू नका. दिल्लीच्या एम्समधे विषबाधा माहिती केंद्र आहे, १८०० ११६ ११७, फुकट नंबर, डॉक्टर पण तिथं विचारतात. फोनमधे सेव्ह करून ठेवा आत्ताच.

आणि एक विनंती, लेकराला औषध पाजताना "चॉकलेट आहे, गोड गोळी आहे" म्हणू नका. औषधाला औषधच म्हणा.

आशाताई_बीड_जिल्हा
सिस्टर, रक्तवाढीच्या गोळ्यांचं पण सांगा ना. मी आशा आहे. गरोदर बाईला आम्ही लाल गोळ्या देतो, १८० गोळ्या पूर्ण व्हायला पाहिजेत, बाळंतपणानंतर परत १८०. शाळेतल्या लहान मुलांना गुलाबी, मोठ्या मुलामुलींना निळी, आठवड्याला एक. दिसायला अगदी दुकानातल्या रंगीत गोळ्यांसारख्या, वरून चकचकीत. आणि ज्या घरात गरोदर बाई असते त्याच घरात दोन-तीन वर्षांचं पहिलं लेकरू असतंच. मी घरी जाते तर गोळ्या कुठं, तर उशीखाली, नाहीतर खिडकीत, नाहीतर देवाच्या फोटोमागं. बायका म्हणतात आठवण राहावी म्हणून समोर ठेवली.

सिस्टर_नांदेड
फार महत्त्वाचं बोललात ताई. लोहाच्या गोळ्या लोकांना औषध वाटतच नाहीत, शक्तीच्या गोळ्या म्हणतात. एका लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. दहा किलोच्या लेकरानं दहा गोळ्या खाल्ल्या तर जिवावरचं काम आहे. आधी उलट्या, जुलाब, कधी रक्त पडतं, मग काही तास लेकरू बरं दिसतं, उलट्या थांबतात, घरच्यांना वाटतं टळलं. त्यानंतर एकदम खाली जातं. त्या मधल्या वेळेला फसू नका, दवाखान्यातच राहा.

तेरणा
सगळं पटतंय. पण मग उपाय काय, कुलूप? मला स्वतःला हार्टचा त्रास आहे, सॉर्बिट्रेट, ती जिभेखाली धरायची गोळी, जवळ ठेवावी लागते. रात्री दोनला छातीत कळ आली तर मी किल्ली शोधत बसू का? घरात मी आणि बायको दोघंच, पोरं पुण्याला. सुट्टीत नातवंडं येतात, तेवढेच पंधरा दिवस. सगळ्यांना एकच नियम लावू नका ही विनंती आहे.

मेडिकलवाला_लातूर
काका तुमचं म्हणणं खरं आहे. जिभेखालची गोळी, दम्याचा पंप, या वस्तू कुलपात नाहीच ठेवायच्या. त्यांची जागा वेगळी: मोठ्या माणसाचा हात पोचेल आणि खुर्चीवर चढलेल्या लेकराचा पोचणार नाही अशी, आणि ती घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला अंधारात सापडली पाहिजे. बाकीच्या रोजच्या गोळ्या कुलपात. आणि ती जिभेखालची गोळी तिच्या पाकिटातच राहू द्या, शर्टाच्या खिशात सुट्टी ठेवली की घामानं जाते, नेमकी लागेल तेव्हा कामाची राहत नाही.

नातवंडं यायच्या आदल्या दिवशी घर त्यांच्या उंचीवरून बघा. खरंच गुडघ्यावर बसून बघा एकदा. आणि पाहुण्यांच्या पर्स, पिशव्या, त्यात पण गोळ्या असतात, आलेल्या आत्या-मावशीची पर्स खाटेवर पडलेली असते, ती आल्या आल्या वर खुंटीला.

तेरणा
हे जमेल. पर्सचं कधी डोक्यात आलं नव्हतं. आणि मांजराकाठ ताई, देवळीत दिवा होताच संध्याकाळी. गोळ्या तिथून काढल्या आज.

सिंदफणा
माझे आईवडील ऊसतोडीला जातात, मी शिकायला संभाजीनगरला. दसरा-दिवाळीनंतर निघायचं ते मार्च-एप्रिलपर्यंत. कोपीत राहायचं, वर ताडपत्री नाहीतर पाचट. माझ्या बापूंना मागच्या साली टीबी निघाला, औषध सरकारी, महिन्याचं एकदम मिळायचं. कोपीत कुलूप कशाला लावणार, दारच नाही. पहाटे चारला दोघं फडात, कोपीत लहान बहीण आणि शेजारच्या कोप्यांतली लेकरं. पाऊस आला की खालून ओल, दुपारी ताडपत्रीखाली भट्टी.

आईनं एक केलं, अडाणी आहे ती पण डोकं चालवलं. पत्र्याच्या पेटीत नाही ठेवल्या, पेटी तापते. पीठ ठेवायचा स्टीलचा डबा घेतला, घट्ट झाकणाचा, गोळ्या पाकिटासकट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आत, वर जुन्या लुगड्याचे दोन वेढे, आणि डबा कोपीच्या मधल्या मेढीला वरच्या अंगाला बांधला पण ताडपत्रीला टेकू दिला नाही. रोजची गोळी बापूंना स्वतःच्या हातानं काढून द्यायची. सहा महिने एक पण चुकली नाही. बापू बरे झाले. डॉक्टरांनी काढलेल्या नियमात कोपी कुठं बसत नाही म्हणून लिहिलं.

आशाताई_बीड_जिल्हा
सिंदफणा दादा, तुमच्या आईचं हे मी माझ्या बायकांना सांगणार आहे. यंदा ज्या बायका जातील त्यांना गोळ्या देताना घट्ट झाकणाचा डबा सोबत घ्यायला सांगेन.

कोरडवाहू
कुणीतरी फवारणीच्या औषधाबद्दल बोला. आमच्याकडं "औषध" म्हटलं की दोन्ही आलं, माणसाचं पण आणि कपाशी-सोयाबीनचं पण. आणि ठेवतात पण एकाच फळीवर. माझ्या मामेभावाच्या घरी उरलेलं कीटकनाशक खोकल्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलं होतं, पूर्ण बाटली शेतात न्यायला जड नको म्हणून. वरचं लेबल खोकल्याच्या औषधाचंच. रात्री लाईट गेलेली, वहिनीनं पोराला खोकला आला म्हणून झाकणात ओतलं. वासावरून तिला कळलं, देवाची कृपा, ओठाला लागायच्या आत फेकलं. एवढंच अंतर होतं मधे.

माझं म्हणणं, फवारणीचं औषध घरातच नको. शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे तिथल्या शेडमधे, कुलपात, आणि ज्या डब्यात आलं त्याच डब्यात. झाकण पण घरात आणायचं नाही, आमच्याकडं त्याच झाकणानं मापून मग तेच झाकण कुठं कुठं जातं. आणि माणसाचं औषध अंधारात कधीच ओतायचं नाही, मोबाईलचा उजेड आहे ना आता प्रत्येकाकडं, लेबल वाचायचं मगच.

गोदाकाठ
कोरडवाहू दादांच्या बोलण्याला जोडून एक बोलतो, जरा अवघड आहे. कुलूप लेकरांसाठीच असतं असं नाही. आमच्या घरात एक माणूस दोन वर्षं फार वाईट मनःस्थितीत होता, कर्ज, नापिकी, सगळंच एकदम. डॉक्टरांनी घरच्यांना बाजूला घेऊन सांगितलं की घरात गोळ्यांचा साठा ठेवू नका, आठवड्याच्या आठवड्याला आणा, एकानं ताब्यात ठेवा आणि रोजची हातात द्या, फवारणीचं तर घरातून आणि आखाड्यावरून दोन्हीकडून हलवा. आम्ही सगळं हलवलं, त्याच्याशी बोलूनच हलवलं, लपवून नाही. तो म्हणाला बरं केलंत. तो वाईट काळ निघून गेला, आज तो पेरणी करतोय. ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांनी लाजू नका. टेलिमानस म्हणून सरकारी नंबर आहे, १४४१६, दिवसरात्र चालू, मराठीत बोलतात.

दुधना
गोदाकाठ दादा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आमच्या घरात फवारणीचा डबा न्हाणीघराच्या माळ्यावर होता. होता म्हणजे तुमचा प्रतिसाद वाचून ह्यांना सांगितलं, संध्याकाळी आखाड्यावर जातोय.

पूर्णामाय
मला एक विचारायचंय. आईच्या गोळ्या सात. ती वाचू शकत नाही. मी सात दिवसांचा कप्प्याकप्प्याचा डबा आणला, त्यात भरून ठेवते. मांजराकाठ ताईंचं वाचून आता भीती वाटायला लागली, सुट्ट्या गोळ्या चालतात का?

मेडिकलवाला_लातूर
डबा चांगला आहे ताई, विसरणाऱ्या आणि न वाचणाऱ्या माणसाला फार उपयोगाचा. फक्त एकाच आठवड्याचं भरा आणि डबा पण वर ठेवा, त्याचं झाकण लेकरू सहज उघडतं. काही गोळ्या मात्र पाकिटातून काढायच्याच नाहीत. फिटच्या गोळ्यांमधली व्हॅल्प्रोएट हवेतली ओल पटकन ओढते, मऊ पडते. कार्बामाझेपाईन ओल लागली की दगडासारखी होते, नीट विरघळत नाही, आणि माणसाला परत फिट येते. अशा गोळ्या असतील तर पाकीट कात्रीनं एकेक गोळीचं कापा आणि तो चौकोन तसाच कप्प्यात टाका.

रक्त पातळ ठेवायची अ‍ॅस्पिरिन असेल तर अधूनमधून वास घेऊन बघा. ओल लागून खराब झाली की आंबट, व्हिनेगरसारखा वास येतो. आला की टाकून द्या.

कात्रीवरून आठवलं. आम्ही दुकानदार अर्धं पाकीट कापून देतो तेव्हा तारीख ज्या बाजूला छापलेली असते ती बाजू बऱ्याचदा आमच्याकडं राहते. तुम्ही हक्कानं विचारा, तारीख बघा, आणि घरी आल्यावर पाकिटावर लिहून ठेवा. वापरताना तारखेच्या उलट्या बाजूनं गोळ्या काढत चला. ०५/२०२७ छापलं असेल तर मे महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालते.

हिंगोलीकर
आणि लाल रेघ काय असते पाकिटावर?

मेडिकलवाला_लातूर
डाव्या बाजूला उभी लाल रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, त्यात अँटिबायोटिक जास्त. केंद्र सरकारनं २०१६ साली त्याची मोहीम केली होती. त्यात पण एच-१ या सरकारी यादीतली औषधं म्हणजे झोपेच्या काही गोळ्या, टीबीची, वरच्या दर्जाची अँटिबायोटिक, यांची २०१४ पासून आम्हाला वेगळ्या रजिस्टरात नोंद ठेवावी लागते, कुणाला किती दिली, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. लोक चिडतात चिठ्ठी मागितली की. घरी ठेवण्याशी याचा संबंध असा की लाल रेघेच्या उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी जपून ठेवू नका. आपल्याकडं धाकट्याच्या उरल्या तर थोरल्याला देतात. लेकरांचं पाणी घालून करायचं अँटिबायोटिक तर अजिबात नको, अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिडची ती बाटली कालवल्यावर फ्रीजमधे सात दिवस, मग संपली. डोळ्याचे थेंब उघडल्यापासून महिनाभर.

मांजराकाठ
मग जुनी औषधं टाकायची कुठं? आमच्याकडं सगळं उकिरड्यावर जातं आणि तिथं कोंबड्या, कुत्री, लेकरं, सगळे असतात.

सिस्टर_नांदेड
उकिरड्यावर तशी नको, विहिरीत-नाल्यात नको, चुलीत तर नकोच, धूर अंगावर येतो. तुमचा मेडिकलवाला परत घेत असेल तर त्याला द्या. नाहीतर गोळ्या पाकिटातून काढून ओल्या मातीत किंवा वापरलेल्या चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवीत घट्ट बांधा आणि घंटागाडीत द्या, नावाचं लेबल फाडून. ट्रामाडॉल, फेंटानिल, डायझेपाम अशी काही औषधं मात्र चुकून दुसऱ्यानं एक घेतली तरी धोका असतो. २०२५ मधे केंद्राच्या औषध नियंत्रण खात्यानं अशा १७ औषधांची यादी काढली, ती लगेच संडासात टाकून पाणी सोडायला सांगितलंय. कॅन्सरच्या पेशंटच्या घरी दुखण्याच्या पट्ट्या असतात, त्या आठवणीनं. वापरलेली पट्टी पण लेकराच्या अंगाला चिकटली तर घात करते.

इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत जमवा, झाकण लावून आरोग्य केंद्रात नेऊन द्या. घंटागाडीवरच्या बाईच्या हातात घुसतात हो त्या.

दुधना
सगळ्यांचं वाचून आम्ही गेल्या आठवड्यात घर लावलं, ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर.

आतल्या खोलीत उत्तरेची भिंत दुपारी गार लागली, तिथं छातीच्या वर लाकडी पेटी ठोकली, छोटं कुलूप. किल्ली माझ्याकडं आणि दुसरी आत्याबाईंच्या गळ्यातल्या दोऱ्यात. झाकणाच्या आतून कागद डकवला, मोठ्या अक्षरात कुणाची कुठली गोळी, आणि आत्याबाईंना वाचता येत नाही म्हणून सकाळच्या पाकिटावर सूर्य काढला आणि रात्रीच्या पाकिटावर चांदणी. मामांनी स्वतः काढली चित्रं.

इन्सुलिनसाठी लाईट गेल्यावर काय करायचं ते पण झालं. कुंभाराकडून एक मोठं मडकं आणि एक लहान आणलं, मोठ्यात वाळू, वाळूत लहान बसवलं, वाळू दोन वेळा पाण्यानं ओली करायची, तोंडावर ओलं फडकं. बाटल्या झाकणाच्या प्लास्टिक डबीत, पाणी लागू नये म्हणून. खोलीच्या कोपऱ्यात वारा लागेल असं ठेवलं, उन्हात नाही. बाजारातून तापमानाचं छोटं यंत्र आणलं, काल दुपारी तीनला खोलीत ३९ आणि मडक्यात २७.

मेडिकलवाला_लातूर
२७ म्हणजे एकदम झकास ताई. फक्त लक्षात ठेवा, हे कोरड्या हवेत चालतं, आपल्या एप्रिल-मेमधे फार छान. पावसाळ्यात हवा दमट झाली की मडकं एवढं गार होणार नाही, तेव्हा यंत्रावर नजर ठेवा. आणि न उघडलेली बाटली मडक्यात आली की तिचे पण चार आठवडे त्या दिवसापासून मोजायचे.

पूर्णामाय
दुधना ताई, लहान मडकं किती मोठं घेतलं? दोन बाटल्या आणि सहा पेनं बसतील का?

दुधना
लोटक्याएवढं आहे, दोन बाटल्यांपुरतं. पेनं उभी राहायला तांब्याच्या उंचीचं घ्या, आणि मोठं घेताना मधे चार बोटं वाळू बसेल एवढी जागा सोडा. घ्यायच्या आधी मोठ्या मडक्यात पाणी भरून बघा, बाहेरून पाझरलं पाहिजे, आतून-बाहेरून रंग दिलेलं घेऊ नका, ते पाझरत नाही. मामा म्हणतात सेलूच्या बाजाराला ते येताहेत सोबत, मडकं तेच वाजवून निवडणार.